माया मच्छिंद्र : पोथी, पडदा आणि घर

वऱ्हाडांत कारंजा तालुक्यांत कामरगांव म्हणून एक गांव आहे. पूर्वीं तें अकोला जिल्ह्यांत मोडत असे. १९९८ सालीं वाशीम जिल्हा निराळा झाला तेव्हां तें त्यांत गेलें. त्याच तालुक्यांतील कारंजें हें नृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. दत्तभक्तीनें भारलेल्या अशा टापूंत मच्छिंद्र आणि गोरख हीं नांवें कोणास नव्यानें सांगावीं लागत नाहींत. धुंडीसुत मालूनें शके १७४१ मध्यें, म्हणजे इ. स. १८१९ मध्यें, ‘नवनाथभक्तिसार’ ही चाळीस अध्यायांची पोथी पुरी केली. श्रावण आला कीं ती घरोघर लावावयाची, एकानें वाचावयाची आणि घरांतल्या लहानथोरांनीं ऐकावयाची, ही चाल महाराष्ट्रांत दीर्घकाळ चालत आली आहे.

पोथी म्हटली म्हणजे ती आदिपासून अंतापर्यंत गंभीरच असावयाची, अशी शहरांतल्या सुशिक्षितांची समजूत असते. मालूची पोथी तशी नाहीं. तींत हास्य आहे, आणि तें मोठें काळेंकुट्ट आहे. स्त्रीराज्यांतला प्रसंगच पाहा. ज्या देशांत पुरुषाचें नांव नाहीं, त्या देशाच्या राणीच्या मोहांत योग्यांचा राजा सांपडतो, संसार मांडतो, मुलाचा बाप होतो; आणि त्याला सोडवावयास निघालेला शिष्य नाचणाऱ्या स्त्रीच्या ताफ्यांत मृदंग्या होऊन दरबारांत शिरतो. एवढ्यावर कथा थांबली असती तर ती नुसती करमणूक झाली असती. पण परतीच्या वाटेवर मुलगा मीननाथ घाण करतो आणि मच्छिंद्र गोरखाला म्हणतो कीं, ह्याला धुऊन आण. शिष्य आज्ञाधारक. तो मुलाला नदीवर नेतो, परीट धुणें आपटतो तसा खडकावर आपटून धुतो, आणि कातडें वाळत घालून परत येतो. गुरु आक्रोश करूं लागतो. मग गोरख विचारतो कीं, महाराज, आपल्याला शोक कसला? आणि संजीवनीमंत्रानें मूल उठवितो. राणीनें दिलेली सोन्याची वीट चोरांच्या भीतीनें गुरु झोळींत लपवून वागवीत असतो. शिष्य ती फेंकून देतो आणि गुरु हळहळतो तेव्हां डोंगरच सोन्याचा करून दाखवितो. ऐकणाऱ्या मुलांना ह्या प्रसंगीं हंसावें कीं भ्यावें हें कळत नसे, आणि मोठ्यांनाही तें नीटसें सांगतां येत नसे. मध्ययुगाच्या अद्भुतांत घाण, मृत्यु आणि विनोद हीं एकाच ताटांत वाढलेलीं असतात. तीं वेगळीं काढण्याची खटपट पुढच्या लोकांनीं केली.

१९३२ सालीं ही कथा बोलक्या पडद्यावर आली. १९२९ मध्यें कोल्हापुरास व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी ह्या पांचजणांनीं प्रभात फिल्म कंपनी काढिली होती. ‘अयोध्येचा राजा’ ह्या पहिल्या बोलपटानंतर वर्ष उलटण्यापूर्वींच कंपनीनें ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट मराठींत व हिंदींत असा दुहेरी तयार केला. दिग्दर्शन शांतारामांचें. मच्छिंद्रनाथ झाले गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचेंच. ‘मानापमाना’च्या पदांना चाली देणारा हा रसिक कलावंत मोहांत पडलेल्या योग्याच्या वेषांत बरोबर शोभला, ह्यांत नवल नाहीं. राणी झाल्या दुर्गा खोटे, आणि त्यांच्यासमवेत एक जिवंत चित्ता. गोरख झाले तरुण मास्टर विनायक. ह्याच विनायकांनीं सहा वर्षांनीं ‘ब्रह्मचारी’ काढून ब्रह्मचर्याच्या ढोंगाची यथेच्छ टर उडविली, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांच्या गोरखाकडे थोडें निराळ्या दृष्टीनें पाहावेंसें वाटतें.

बोलपटानें कथेचा जो अर्थ लाविला तो नांवांतच आहे. स्त्रीराज्य, राणी, संसार ही सारी शिष्याची परीक्षा पाहण्यासाठीं गुरूनें रचिलेली माया ठरते. म्हणजे गुरु निष्कलंक सुटतो! पोथींतला मच्छिंद्र असा सहज सुटत नाहीं. तो खरोखर रडतो, खरोखर विटेचा लोभ धरतो. पडद्यावरची सोडवणूक सभ्य आहे, पण पोथीचें धाडस तीत उरलें नाहीं, असें म्हणणें भाग आहे. मात्र माया दाखविण्याचें सामर्थ्य कॅमेऱ्याइतकें दुसऱ्या कशांत आहे? कीर्तनकाराला जें शब्दांनीं उभें करावें लागे तें येथें डोळ्यांसमोर घडतें आणि डोळ्यांसमोर नाहींसें होतें.

नाहींसें होण्याचा हा खेळ पुढें फिल्मलाच भोंवला. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेई. पेटली नाहीं तरी काळेंकरून आपोआप कुजे. बोलपटाचे दिवस भरले कीं त्याची प्रत म्हणजे जागा अडविणारा धोक्याचा माल; तिच्यांतली चांदी काढून घेणें हाच व्यवहार पुष्कळांना सुचे. १९३१ चा ‘आलम आरा’ हा आपल्याकडील पहिला बोलपट, पण त्याची एकही प्रत आज हातीं नाहीं. पुण्यास १९६४ मध्यें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें आणि पी. के. नायर ह्यांनीं गांवोगांव धुंडून चित्रपट गोळा केले. तरीही जानेवारी २००३ मध्यें पुण्यांतच नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या मोलाच्या रिळांची राख झाली. पोथीची अशी राखरांगोळी कधीं झाली नाहीं. एका घरची पोथी वाळवीनें खाल्ली तर शेजारच्या घरीं दुसरी होतीच.

घरोघर प्रत असण्याचें हें भाग्य चित्रपटाला फार उशीरां लाभलें. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आलें, पाठोपाठ व्हिडिओ कॅसेट आली, आणि शतकाच्या अखेरीस तबकड्या आल्या. प्रभातचे बोलपट अशा रीतीनें दिवाणखान्यांत पोंचले. ह्या प्रती निर्दोष होत्या असें नव्हे. झिजलेल्या रिळावरून उतरविलेल्या चित्रांत ओरखडे तसेच राहिले, गाण्यांतली खरखर तशीच राहिली; कॅसेटीला तर पावसाळ्यांत बुरशी लागे.

परदेशांत असल्या घरगुती प्रतींकडे किती निराळ्या नजरेनें पाहतात, ह्याचें एक उदाहरण ह्याच जातीच्या चित्रपटाचें आहे. टेरी गिलियम ह्यांनीं १९७७ मध्यें ‘जॅबरवॉकी’ हा मध्ययुगीन प्रहसनपट काढला. लुईस कॅरोलच्या कवितेवरून त्याचें नांव घेतलेलें. पिंपें करणाऱ्याचा भाबडा मुलगा शहरांत येतो आणि ध्यानींमनीं नसतां राक्षसाशीं लढण्याच्या कामांत ओढला जातो. राजवाडा पडका, गल्ल्या घाणीनें भरलेल्या, आणि मृत्यु तर थट्टेचाच विषय. मालूच्या श्रोत्यांना हें जग परकें वाटलें नसतें. चाळीस वर्षांनीं, २०१७ मध्यें, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयानें व अमेरिकेंतील फिल्म फौंडेशननें त्याचा जीर्णोद्धार केला आणि नवी तबकडी निघाली. ह्या चित्रपटाची गणना कोणी संतचरित्रांत किंवा महाकाव्यांत केली नव्हती. तरी त्याच्या मूळ फिल्मकडे जाऊन, दिग्दर्शकाच्या पसंतीनें, एकेक चित्र स्वच्छ करण्याचे श्रम घेतले गेले.

आपल्याकडे जपणूक करतांनाही अद्भुताला आणि विनोदाला मागची ओळ मिळते. ‘संत तुकारामा’ची १९३७ मध्यें व्हेनिसला वाखाणणी झाली, म्हणून त्याची आठवण सर्वांना राहते; चित्ता बाळगणाऱ्या राणीची आठवण मात्र पोराटकी समजली जाते. वास्तविक दोन्ही एकाच कंपनीचीं अपत्यें. फत्तेलालांनीं जें स्त्रीराज्य उभारलें आणि दामल्यांनीं जो ध्वनि मुद्रित केला, त्यांतच त्या मंडळींचा हात पुढच्या कामासाठीं तयार झाला.

आतां वऱ्हाडांतल्या एखाद्या घरीं दूरदर्शनच्या पेटीपुढें ‘माया मच्छिंद्र’ लावला, तर आजी प्रथम हेंच विचारील कीं, ह्यांत मीननाथाला धुण्याचा प्रसंग कोठें आहे? आणि तो सांपडला नाहीं तर ती स्वतःच सांगूं लागेल.