मिरी, बोगदा आणि कोल्हापूरचे चित्ते

गेल्या महिन्यात आमच्या कसबा बावड्याच्या घराच्या गच्चीवर मी एक कारखाना काढला. (साखर कारखाना गावात आधीपासून आहेच, हा दुसरा.) प्लंबिंगचे पीव्हीसी पाइप, टी, एल्बो, रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट भरून उभ्या केलेल्या सहा काठ्या आणि लहान मुलं खेळतात तो कापडी बोगदा. हे सगळं मिरीसाठी. मिरी म्हणजे आमची कुत्री. काळी, गावठी, वय दीड वर्ष. यूट्यूबवर कुत्र्यांच्या अ‍ॅजिलिटीच्या शर्यती बघितल्या आणि वाटलं, आमच्या मिरीत काय कमी आहे?

या खेळाचा जन्म गमतीचा आहे. फेब्रुवारी १९७८. लंडनमध्ये क्रफ्ट्स हे कुत्र्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात लोकांना बसवून ठेवायला काहीतरी हवं होतं. समितीतले जॉन व्हार्ली हे घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धा जाणणारे. त्यांच्या डोक्यात आलं की घोडा उडी मारतो तर कुत्र्याने का मारू नये? पीटर मीनवेल या प्रशिक्षकाने अडथळे जुळवले, दोन संघ पळवले आणि लोक खूश झाले. १९८० मध्ये तिथल्या केनेल क्लबने खेळाला रीतसर मान्यताही दिली. म्हणजे आज जगभर खेळला जाणारा हा खेळ मुळात चहाच्या सुट्टीतला टाइमपास!

आता आमची गच्ची. आडवा पाइप आधी जमिनीवरच ठेवला, मग चार बोटं वर. मिरी टुणकन पलीकडे. फरशी घसरते म्हणून जुनी सतरंजी अंथरली. काठ्यांमधून नागमोडी जाणंही हळूहळू जमायला लागलं. गाडी अडली ती बोगद्यापाशी. तोंड आत घालायची, हुंगायची आणि मागे व्हायची. मी आतून बिस्किट दाखवलं, मागून ढकललं, पट्टा धरून ओढलं. काही नाही. मग कुठेतरी वाचलं की कुत्र्याला शिकवायचं ते उपाशीपोटी, म्हणजे खाऊची किंमत वाढते. म्हणून शनिवारी सकाळची भाकरी बंद केली. तरी नाही, म्हणून रात्रीची पण. रविवारी मी गच्चीचं दार उघडलं तर मिरी जिन्याखाली बसलेली. वर यायलाच तयार नाही.

शेजारचे आबा कठड्यावरून हे सगळं बघत होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. म्हणाले, "लेका, उपाशी ठिवून शिकवाय ते काय चित्तं हाय व्हय?"

मला वाटलं आबा उगाच काहीतरी बोलले. पण नाही. आबांचे वडील त्यांना सांगायचे, की कोल्हापूरच्या रस्त्यातून चित्ते हिंडवत न्यायचे. मग शनिवार-रविवार माझा यातच गेला.

आपल्याकडे राजेलोक चित्त्यांकडून काळवीट मारून घेत हे शाळेत वाचलेलं असतं. पण ही शिकार ज्या संस्थानांत विसाव्या शतकातही जोरात चालू होती त्यात कोल्हापूर ठळक आहे, हे मी बावड्याचा असून मला माहीत नव्हतं. शाहू महाराजांचा जन्म १८७४ चा, आमच्या बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला. तिथून मी हजार वेळा गेलोय. चित्ते सांभाळणारे ते चित्तेवान. आणि ते जे करायचे ते ऐकून मी चाटच पडलो.

पिल्लू धरून उपयोग नसायचा. शिकार आई शिकवते, ती माणसाला शिकवता येत नाही. म्हणून पूर्ण वाढलेला रानटी चित्ता फासे लावून धरायचा. डोळ्यांवर चामड्याची टोपी. खाटेला बांधायचं, उपाशी ठेवायचं, झोपू द्यायचं नाही. भोवती बायकापोरांना गप्पा मारत बसवायचं, बाजारातून हिंडवायचं. म्हणजे चित्त्याला धावायला कुणी शिकवलंच नाही, ते त्याला येतच होतं. शिकवायचं होतं ते एवढंच, की माणसाला भिऊ नको आणि मिळालेलं सोडून दे.

हे 'सोडून दे' सगळ्यात अवघड. बैलगाडीतून कळपाजवळ जायचं, कारण काळवीट गाडीला बुजत नाही. टोपी काढली की चित्ता सुटायचा. त्याने काळविटाचा गळा धरला की चित्तेवान पळत पोचायचा, काळविटाचा गळा चिरून रक्त लाकडी पळीत धरायचा आणि चित्त्यापुढे करायचा. चित्ता पळीकडे वळला की पकड सुटायची, तेवढ्यात टोपी परत डोळ्यांवर. काम आणि लगेच मोबदला. आज कुत्र्यांचे ट्रेनर कंबरेला खाऊची पिशवी बांधून हेच करतात, फक्त पळी नसते.

पण हिशेबाची दुसरी बाजू आहे. हा प्राणी तेव्हा कैदेत सहसा पिल्लं देत नसे. अकबराने एका वेळी हजार चित्ते ठेवले आणि त्यांची वीण होईना, असं जहांगीरने लिहून ठेवलंय. त्याच्या वेळी एकदा तीन पिल्लं झाली. त्यानंतर कैदेत चित्त्याची पिल्लं झाल्याची नोंद थेट १९५६ ची, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. म्हणजे शिकवलेला प्रत्येक चित्ता रानातून कायमचा वजा. इथले संपत आल्यावर कोल्हापूर, भावनगरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून मागवले. १९१८ ते १९४५ मध्ये संस्थानिकांनी निदान दोनशे आणले, असं अभ्यासक सांगतात. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. जंगलं तुटणं, शिकार ही कारणं होतीच, पण धरून नेणं हेही होतं. २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते कुनोत आले तेव्हा टीव्हीपुढे टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

चित्तेवानांचं कसब अफाट होतं यात शंका नाही. रानटी जनावराशेजारी खाट टाकून झोपायला छाती लागते. पण मी त्यांच्यातलं नेमकं नको ते उचललं होतं. पळी राहिली बाजूला, उपाशी ठेवणं तेवढं घेतलं. आणि मिरीला तर काळवीटही मारायचा नव्हता!

मग पुढच्या शनिवारी आईने मिरीला पोटभर भाकरी-दूध घातलं. मी बोगदा दाबून हातभर केला, म्हणजे पलीकडचा उजेड दिसतो, आणि पट्टा खाली ठेवून दिला. दुसऱ्या टोकाला मी नाही, आबाच स्टूल टाकून बसले. खिशात शेंगदाणे. हाक नाही, काही नाही, आपले एकटेच खात.

वीस मिनिटं गेली. मिरी एकदा आत गेली, अर्ध्यातून परत फिरली. दुसऱ्यांदा सरळ आबांच्या मांडीवर.

"हां," आबा म्हणाले, "आता लांब कर. पर आज न्हाई, उद्या."