गणेशखिंडीतला पूल : बांधला, पाडला, पुन्हा बांधला

विद्यापीठ चौकातल्या नव्या दुमजली पुलावरून मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या सीटवर बाबा होते. वय ८१. पूल संपून गाडी औंधच्या बाजूला उतरली, तशी मी जरा फुशारकीनेच म्हणालो, "बघा बाबा, दोन मिनिटांत पार." ते खिडकीतून खाली बघत होते. म्हणाले, "छान आहे. पण मला विद्यापीठात चालायला जायचं असेल तर रस्ता कुठून ओलांडायचा, ते सांग."

मला सांगता आलं नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा, नसेल तर सिग्नलला थांबल्यावर वाचा, तेवढा वेळ या शहरात मिळतोच.

सुरुवात नावापासून करू. या रस्त्याचं नाव गणेशखिंड रस्ता. आपण रोज म्हणतो, पण त्यातल्या 'खिंड' या शब्दाकडे आपलं लक्ष नसतं. एका बाजूला चतुःशृंगीची टेकडी. दुसऱ्या बाजूला विद्यापीठाचं चारशे एकरांहून मोठं आवार आणि त्यापलीकडे खडकी-रेंजहिल्सकडची लष्कराची जमीन. पाषाण रस्त्याला लागलात तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पुढे संरक्षण खात्याच्या संस्था. मधून आरपार जाणारी गल्ली नाही, बोळ नाही. शिवाजीनगरहून औंध, बाणेर, पाषाणकडे जायचं तर सगळ्यांनी याच तोंडातून जायचं. हा चौक तुंबतो तो केवळ लोकांना शिस्त नाही म्हणून नाही. ही जागाच चिंचोळी आहे.

आणि हा रस्ता मुळात आपल्यासाठी नव्हताच. आज जिला आपण विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणतो तो गव्हर्नरचा बंगला. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना त्याचं काम सुरू झालं. पावसाळ्यात मुंबईचं सरकार पुण्यात यायचं, तेव्हा साहेबांचा मुक्काम तिथे. म्हणजे रस्त्याचं काम एकच, शहरातून बंगल्यापर्यंत बग्ग्या नेणं. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून बग्ग्या याच रस्त्याने परतत होत्या, तेव्हा चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. इतिहासाच्या पुस्तकातली ही ओळ आपल्याला पाठ असते. पण हा तोच रस्ता, हे हॉर्न वाजवताना आठवत नाही.

१० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि साहेबांचा बंगला विद्यार्थ्यांचा झाला. तरी पुढची कित्येक वर्षं चौक शांत होता. आम्ही १९९४ मध्ये औंधला राहायला आलो. तेव्हा इथे मधोमध मोठं सर्कल होतं आणि मी सायकलवरून त्याला वळसा घालून जायचो. बाबा पीएमटीने डेक्कनला ऑफिसला जायचे. त्याच साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं होतं. बालेवाडी म्हणजे तेव्हा आमच्या लेखी गावाबाहेर.

मग सगळं भराभर झालं. १९९७ मध्ये बाणेर-बालेवाडीसह आजूबाजूची गावं महापालिकेत आली. हिंजवडीला एमआयडीसीचं आयटी पार्क सुरू झालं. मुंबईचा द्रुतगती मार्ग झाला. शेतांच्या जागी सोसायट्या आल्या, सोसायट्यांच्या तळघरांत दोन-दोन गाड्या आल्या. या सगळ्या लोकांना शहरात ये-जा करायला नवा रस्ता किती मिळाला? तीच खिंड. बसची संख्या या वस्तीच्या वेगाने वाढली का? ते तुम्हीच सांगा, थांब्यावर उभे तुम्हीच होता.

आता पहिल्या पुलाकडे येऊ. २००८ च्या ऑक्टोबरात पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा व्हायच्या होत्या. बालेवाडीला जगभरातले खेळाडू येणार, शहर चकाचक हवं. खासदार सुरेश कलमाडी संयोजनाच्या अग्रभागी. त्या काळात रस्ते रुंद झाले, झाडं गेली आणि गणेशखिंड रस्त्यावर दोन उड्डाणपूल झाले : एक विद्यापीठ चौकात, दुसरा ई-स्क्वेअरसमोर.

इथे मी माझी कबुली देतो. मला ते पूल प्रचंड आवडले होते. बाबांशी माझा वाद झाला होता. त्यांचं म्हणणं, "पुलावर बसथांबा असतो का? मग पूल बसवाल्यांचा नाही, गाडीवाल्यांचा." मी म्हणालो, "बाबा, तुम्ही प्रगतीच्या विरोधात आहात." तेव्हा असं म्हणायची पद्धत होती. अजूनही आहे.

आणि त्याच काळात, डिसेंबर २००६ मध्ये, याच शहराने कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बसला स्वतंत्र लेन देणारा बीआरटीचा प्रयोग सुरू केला होता. केंद्राचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणही त्याच वर्षीचं. त्यात साफ सांगितलं होतं की गाड्या हलवण्यापेक्षा माणसं हलवण्याचा विचार करा. म्हणजे कागदावर आपण माणसं मोजत होतो आणि चौकात गाड्या. बीआरटीची पुढे काय गत झाली ते सांगायला नको. नगर रस्त्यावरचा मार्ग तर २०२३ मध्ये उखडायलाच घेतला.

पुलाने काही वर्षं बरं वाटलं. मग पूल उतरल्यावरच्या सिग्नलला रांग लागायला लागली. मग पुलावर. साधी गोष्ट आहे. वाट मोकळी दिसली की जो आधी बसने जायचा तो दुचाकी काढतो, दुचाकीवाला कार घेतो आणि बिल्डर जाहिरातीत लिहितो, 'विद्यापीठापासून दहा मिनिटांवर'. खिंडीतली जागा तेवढीच राहते.

दरम्यान हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं ठरलं. साधारण २३ किलोमीटर, २३ स्थानकं, काम पीएमआरडीएकडे, खासगी भागीदारीतून. १८ डिसेंबर २०१८ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. मार्ग अर्थातच खिंडीतून. आणि मग लक्षात आलं की मेट्रोचे खांब उभे करायला आपलेच पूल आड येतात. उपाय निघाला : जुने पूल पाडा आणि एकाच खांबांवर मधल्या मजल्यावर गाड्यांचा पूल, वरच्या मजल्यावर मेट्रो असं दुमजली बांधकाम करा.

२०२० च्या पावसाळ्यात, कोरोनामुळे रस्ते ओस असताना, दोन्ही पूल पाडले. तेव्हा राज्यात महाविकास आघाडी, पालकमंत्री अजित पवार. रहदारी नाही तोवर पाडून घ्या, हा निर्णय व्यवहाराला धरून होता, हे मान्य करायला हवं. पण पुलांना तेव्हा पंधरा वर्षंही झाली नव्हती. काँक्रीटचा पूल काही पंधरा वर्षांत म्हातारा होत नाही. तो चुकीच्या जागी होता एवढंच. म्हणजे तो बांधताना पुढच्या वीस वर्षांत या रस्त्यावरून काय जाणार, हा प्रश्न कुणी टेबलावर ठेवून सोडवलाच नव्हता.

पाडायची घाई झाली, बांधायची नाही. या मेट्रोचं प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०२१ ची अखेर उजाडली. लॉकडाऊन संपला, ऑफिसं उघडली, आणि चौकात ना जुना पूल ना नवा. पत्रे, खड्डे, रोज बदलणारे वळसे. रुंदीकरणासाठी रस्त्याकडेची जुनी झाडं तोडायचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि निवडणुकीला थेट जानेवारी २०२६ उजाडलं. म्हणजे चौक सर्वांत जास्त उकरलेला होता त्या वर्षांत ज्याला जाब विचारावा असा आमचा नगरसेवकच नव्हता. होते ते प्रशासक. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये औंधकडून शिवाजीनगरकडे जाणारा भाग मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते खुला झाला.

त्या मधल्या पाच वर्षांत बाबांचं काय झालं ते सांगतो. निवृत्तीनंतर ते रोज पहाटे बसने चौकात उतरून विद्यापीठात फिरायला जायचे. वडाच्या झाडांखालचा तो तासभर त्यांचा औषधासारखा होता. काम सुरू झालं, थांबा सरकला, मग पुन्हा सरकला. झेब्रा पट्टे गेले. एकदा अर्ध्या रस्त्यात असताना दोन्ही बाजूंनी गाड्या सुटल्या आणि एका रिक्षावाल्याने खाली उतरून हात धरून त्यांना पलीकडे पोचवलं. घरी येऊन ते फक्त एवढंच म्हणाले, "उद्यापासून गच्चीवरच चालतो." गेली चार वर्षं ते गच्चीवर चालतात. अपघात झाला नाही, त्यामुळे कुठल्याही आकडेवारीत ते नाहीत. या चौकाने असे किती जण घरी बसवले याची मोजदाद कोण करणार?

आता राजकारणाचं. या कहाणीत एकही पक्ष प्रेक्षकात बसलेला नाही. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या काळात पूल झाले, भाजप-सेनेच्या काळात मेट्रोचं ठरलं, आघाडीच्या काळात पाडापाडी झाली, महायुतीच्या काळात फीत कापली. त्यामुळे कमेंटमध्ये 'तुमच्यामुळे झालं' असं लिहायच्या आधी जरा थांबा. सगळ्यांचं भांडण कशावरून होतं? पूल कुणी आणला, कुणी पाडला, उशीर कुणामुळे. या खिंडीतून सकाळच्या एका तासात किती माणसं गेली पाहिजेत, यावर भांडताना मी कुणाला ऐकलं नाही.

मी पूल-विरोधक नाही. नवा पूल मीही वापरतो आणि मेट्रोची तर वाटच बघतोय. तीच या खिंडीतून खऱ्या अर्थाने माणसं नेईल. पण मेट्रोतून उतरलेला माणूस हवेत तरंगत घरी जाणार नाही. त्याला जिना उतरून बाणेर रस्त्याच्या, पाषाण रस्त्याच्या बसथांब्यापर्यंत चालत जायचंय. तो रस्ता ओलांडणं त्याला जमलं नाही, तर तो दुसऱ्या दिवशी गाडी काढेल आणि दहा वर्षांनी आपण तिसऱ्या पुलाची चर्चा करत बसू.

म्हणून एक विनंती. आता आपल्या प्रभागात पुन्हा निवडून आलेली माणसं आहेत. ती भेटतील तेव्हा 'चौकाचं काहीतरी करा' असं मोघम म्हणू नका. तीन गोष्टी लेखी मागा. एक, या चौकात पायी रस्ता ओलांडायची जागा कुठे आणि म्हाताऱ्या माणसाला पुरेल एवढा सिग्नल किती सेकंदांचा? दोन, मेट्रो सुरू होईल त्या दिवशी स्थानकापासून बाणेर, पाषाण, औंधकडे किती बस आणि थांबे नक्की कुठे? तीन, पुढचा कुठलाही पूल मंजूर करण्याआधी त्या रस्त्याचा वीस वर्षांचा आराखडा लोकांसमोर ठेवणार का? उत्तर आलं तर इथे टाका. नाही आलं तर तेही टाका.

मी पहिला प्रश्न या आठवड्यात लिहून देतोय. खाली सही बाबांची घेणार आहे. त्यांनी अर्ज वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि विचारलं, "उत्तर यायला किती दिवस लागतील?" म्हटलं, सांगता येत नाही. म्हणाले, "मग बूट पॉलिश करायची घाई नको."