संशयाचें गांव

कोणत्याहि वाङ्मयकृतीचा इतिहास ती लिहून संपल्याबरोबर संपत नाहीं. वाचकांनीं तिचें काय केलें, हा त्या इतिहासाचा उत्तरार्ध असतो. जपानांतील 'हिगुराशी नो नाकु कोरो नी' या दृश्य-कादंबरीच्या बाबतींत तर हा उत्तरार्ध मूळ कथेइतकाच उद्बोधक आहे.

दृश्य-कादंबरी म्हणजे संगणकाच्या पडद्यावर वाचावयाची कथा. मागें चित्र, कानीं संगीत, आणि पुढें एकामागून एक उमटणारीं वाक्यें, असें तिचें स्वरूप. चुनसॉफ्ट या संस्थेनें १९९२ सालीं 'ओतोगिरीसो' व १९९४ सालीं 'कामाइताची नो योरु' प्रसिद्ध केल्यापासून हा प्रकार जपानांत विशेष रूढ झाला. त्यांत वाचकानें निवडलेल्या पर्यायाप्रमाणें कथेला वळण लागे. म्हणूनच त्यास खेळ म्हणत.

'हिगुराशी'त असा एकहि पर्याय नाहीं. रियुकिशी झीरो सेव्हन हें टोपणनांव घेणाऱ्या लेखकानें ती स्वतः लिहिली, चित्रेंहि स्वतःच काढलीं, आणि ऑगस्ट २००२ मध्यें तोक्योच्या कोमिकेट या हौशी लेखकांच्या बाजारांत तिचा पहिला भाग विक्रीस मांडला. एकंदर आठ भाग निघाले; शेवटचा ऑगस्ट २००६ मध्यें. पहिल्या चारांत प्रश्न, पुढील चारांत उत्तरें. दोन भागांमधील महिन्यांत वाचकांनीं आपसांत तर्क लढवावे, हाच यांतील खेळ; आणि वाचकांनीं तो मोठ्या ईर्ष्येनें खेळला.

कथा १९८३ च्या जून महिन्यांतील, हिनामिझावा या कल्पित डोंगरी गांवांतील. धरणाखालीं जाणाऱ्या या गांवानें निकरानें लढून तो बेत हाणून पाडलेला असतो. परंतु त्यानंतर दरवर्षीं उत्सवाच्या रात्रीं एक मनुष्य मरतो व एक नाहींसा होतो. लोक त्यास ग्रामदेवतेचा कोप म्हणतात. गांवाचें चित्र गिफु प्रांतांतील शिराकावा या खऱ्या गांवावरून घेतलें आहे. त्याच शो नदीवर, वरच्या अंगास, १९६१ सालीं मिबोरो धरण पुरें झालें व कित्येक वस्त्या पाण्याखालीं गेल्या. तेव्हां कल्पिताच्या मुळाशीं त्या खोऱ्याचें खरें दुःख आहे.

पहिल्या भागांत शहरांतून आलेला मुलगा मैत्रिणींविषयीं संशय धरतो आणि अखेर त्यांतील दोघींना ठार करतो. वाचकहि त्याच्याबरोबर संशय घेत गेलेला असतो. पुढील एका भागांत मात्र त्या मुली निरपराध होत्या हें त्या मुलास उमगतें. वाचकाच्या तर्कबुद्धीला आव्हान देतां देतां लेखकानें त्याच्या विश्वासबुद्धीची परीक्षा घेतली, ती अशी.

२००६ मध्यें या कथेची रेखाचित्रमालिका दूरचित्रवाणीवर आली. दुसरी मालिका चालू असतांना, सप्टेंबर २००७ मध्यें, क्योटो प्रांतांत एका सोळा वर्षांच्या मुलीनें आपल्या वडिलांचा कुऱ्हाडीनें खून केला. या मालिकेंतहि तशीं शस्त्रें व तसे प्रसंग असल्यामुळें कांहीं केंद्रांनीं तिचें प्रक्षेपण थांबविलें. शोकाच्या दिवसांत असलीं दृश्यें दाखवूं नयेत, हा संकोच समजण्यासारखा आहे. पण संकोच निराळा आणि आरोप निराळा. शस्त्र सारखें दिसलें एवढ्यावरून कथेला गुन्ह्याचें मूळ ठरविणें, ही त्या मुलाचीच चूक होय: सुटे सुटे प्रसंग जुळविले, भीतीनें त्यांचा अर्थ लाविला, आणि शेवटपर्यंत ऐकून न घेतां निकाल दिला.

ही कृति त्यांतूनहि टिकली. १९९५ पासून जागतिक वारशांत गणल्या गेलेल्या शिराकावा गांवीं तिचे वाचक जाऊं लागले. तेथील हाचिमान देवळांत त्यांनीं नवसाच्या फळ्यांवर कथेंतील पात्रें रेखाटून टांगलीं. ज्या देवळावरून कोपिष्ट देवतेचें स्थान कल्पिलें, तेथेंच लोक भक्तिभावानें फळ्या बांधूं लागले! भयकथेचें याहून चांगलें स्वागत कोणतें? हीं माणसें भय शिकून आलेलीं नव्हतीं. ग्रंथावर निवाडा देणाऱ्यानें तो शेवटच्या पानापर्यंत वाचावा, ही अपेक्षा मोठी नाहीं. आणि माणसांच्या बाबतींत तर ती त्याहूनहि रास्त आहे.