‘अवांतर’ या शब्दावर एक हरकत

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो मांडणारी माणसं मूर्ख नाहीत. त्यांतले कित्येक जिल्हा परिषद शाळांचे उत्तम मुख्याध्यापक आहेत. त्यांचं म्हणणं असं: शाळा द्विशिक्षकी, वर्ग चार. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं. ग्रंथालय चालवायचं कुणी? प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचं पदच नाही. पुस्तकं आली की दाखल नोंदवहीत चढतात, आणि एकदा चढली की त्यांची मालमत्ता होते. एखादं फाटलं किंवा हरवलं, तर बदलीच्या वेळी चार्ज देताना जाब द्यावा लागतो मुख्याध्यापकाला. म्हणून कुलूप. उलट भिंतीवर स्मार्ट टीव्ही आहे, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आहेत, दीक्षा ॲपवर धड्यांचे व्हिडिओ आहेत. पडद्याला वाळवी लागत नाही. मुलं आपणहून त्याच्याकडे बघत बसतात. तेव्हा ग्रंथालयाचं काम तंत्रज्ञानानं उचललं. उरलं ते अवांतर वाचन. ते सवड असेल त्यानं शनिवारी शेवटच्या तासिकेला करून घ्यावं.

हेच मी एका शाळेतल्या टीव्हीच्या लोकार्पणात याहून ठसक्यात ऐकलं. नारळ फुटला, फीत कापली गेली आणि पाहुणे म्हणाले की आता जगातलं सगळं ज्ञान या चौकटीत आलं आहे. टाळ्या मीही वाजवल्या. टीव्हीचं रिकामं खोकं मागच्या कपाटाला टेकवून ठेवलं होतं. कपाट पुस्तकांचं होतं. खोकं हलवल्याशिवाय त्याचं दार उघडलं नसतं.

या मतात दोन गृहीतं दडलेली आहेत. पुस्तक आणि पडदा हे एकाच जागेचे दोन उमेदवार, एक आला की दुसऱ्यानं उठायचं, हे पहिलं. वर्गातलं शिकवणं हे मूळ काम आणि या दोन्ही गोष्टी त्याच्या बाहेरच्या, हे दुसरं. पहिलं नुसतं चुकीचं आहे. दुसऱ्यानं मात्र नुकसान होतं, आणि ते पडद्याचं नि पुस्तकाचं सारखंच होतं.

पडद्यापासून सुरुवात करू. गुजरातेत ज्ञानशाला ही संस्था चालवत असलेल्या प्राथमिक वर्गांत गणिताचा संगणक-कार्यक्रम दोन रीतींनी राबवला गेला. काही ठिकाणी मुलं शाळेच्याच वेळात, म्हणजे शिक्षिकेच्या शिकवण्याच्या बदल्यात, संगणकावर बसली. काही ठिकाणी शाळेच्या वेळेनंतर बसली आणि दिवसा शिकलेलंच पुन्हा घोटलं. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडेन यांनी २००८ मध्ये याचा ताळा मांडला. शिकवण्याच्या जागी संगणक आला तिथली मुलं इतरांच्या ०.५७ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) मागे पडली. शिकवण्याच्या जोडीला आला तिथली ०.२८ पुढे गेली. संगणक, विषय, वय, सगळं तेच. फरक होता तो शिकवणाऱ्या बाईंच्या तासाशी त्याचं नातं काय, एवढाच.

पेरूची हकीकत तर आपल्या लोकार्पणवाल्यांनी तोंडपाठ करावी. तिथल्या सरकारनं ग्रामीण प्राथमिक शाळांत मुलागणिक लॅपटॉप वाटला. ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलामागे ०.१२ संगणक होते ते १.१८ झाले, गणितात आणि भाषेत फरक आढळला नाही. पण मला थबकवतो तो त्यातला दुसरा तपशील. त्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये २०० पुस्तकं भरून दिलेली होती. ज्या मुलांना लॅपटॉप मिळाले नाहीत, त्यांच्यापैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या घरी पाचांहून जास्त पुस्तकं होती. म्हणजे लॅपटॉपवाल्या मुलाच्या हाती एका रात्रीत गावातलं सगळ्यात मोठं ग्रंथालय आलं. तरी त्याची वाचनाची सवय तसूभर बदलली नाही.

इथे पुस्तकप्रेमी मंडळी खूश होतील. त्यांना थोडं थांबवतो. कर्नाटकातल्या सरकारी शाळांमध्ये एका ग्रंथालय-उपक्रमाची अशीच काटेकोर चाचणी झाली, आणि अभ्यासकांत पुन्हा लिंडेन होतेच. छापील, रंगीत, वयाला साजेशी पुस्तकं. हाताळायला माणूसही दिलेला. १६ महिन्यांनी मुलांची भाषेची परीक्षा घेतली तर परिणाम शून्य. जिथे ग्रंथपाल बाहेरून फेरीवर येत होते, तिथे गुण उलट थोडे घसरले. पंधरा ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी भाषणं ठोकणाऱ्या आम्हा लोकांना हे कडू लागतं. मलाही लागलं. पण टीव्हीच्या बाबतीत पुरावा मागायचा आणि पुस्तकाच्या बाबतीत श्रद्धेवर भागवायचं, हा वाद लढण्याचा सरळ मार्ग नाही.

आता चौथं उदाहरण. फिलिपिन्समधल्या तारलाक प्रांतात १०० शाळांत चौथीच्या वर्गासाठी ३१ दिवसांचा वाचनाचा कार्यक्रम झाला. तिथेही गोष्टींची पुस्तकंच दिली, मात्र ती ग्रंथपालाच्या हवाली करून मोकळे झाले नाहीत. वर्गशिक्षकाला शिकवलं, आणि त्याच्याच वर्गात, त्याच्याच देखरेखीत, रोज तासभर वाचन आणि त्याभोवतीच्या कृती घेतल्या. वाचनाचे गुण ०.१३ प्रमाण विचलनानं वाढले. कार्यक्रम थांबल्यावर तीन महिन्यांनी त्यातला निम्म्याच्या आसपास लाभ ओसरला, हेही सांगायला हवं. माझ्या लेखी तोही माझ्याच बाजूचा पुरावा आहे: महिनाभर वर्गात आलेलं पुस्तक पुन्हा वर्गाबाहेर गेलं.

चारही उदाहरणं शेजारी ठेवली की छापील की डिजिटल हा वाद फोल ठरतो. शिक्षकाच्या पाठाला जोडलेली वस्तू कामाला आली. पाठाच्या बाजूला ठेवलेली वस्तू, मग ती कागदाची असो वा काचेची, नुसती राहिली. ‘पाठाला जोडणं’ हे शब्द प्रशिक्षणात इतके घासले गेले आहेत की ते म्हणजे नेमकं काय, हे एका वर्गात बसूनच पाहावं लागतं.

पावसाळा सरत आला होता. पुणे जिल्ह्यातल्या एका वाडीवरची शाळा, तिसरी-चौथी एकत्र. बाईंनी बहिणाबाईंची खोप्याची कविता चालीवर म्हटली. मुलांना ती पाठच होती. मग टीव्ही लावला: सुगरणीच्या घरट्याची अडीच मिनिटांची फीत, आवाज बंद करून. निवेदक सगळं सांगून टाकतो, म्हणून आवाज बंद, असं बाईंनी मला मागाहून सांगितलं. पिवळ्या डोक्याचा पक्षी गवताच्या पात्याची लांब पट्टी चोचीत घेऊन येतो, गाठ मारतो, उलटा लोंबकळून विणतो. मध्येच एक फिकट, चिमणीसारखी मादी येते, अर्धवट घरट्यात डोकावते आणि उडून जाते. बाईंनी तिथे चित्र थांबवलं आणि विचारलं, ‘विणतंय कोण?’

गोंधळ उडाला. एक म्हणाला पिवळा तो नर. दुसरा म्हणाला, मग कवितेत ती कशी? तिसऱ्यानं ‘सुगरण्या’ असा शब्द पाडला आणि वर्ग पाच मिनिटं हसत राहिला. एका चुणचुणीत पोरानं विचारलंच, ‘बहिणाबाई चुकल्या का?’ बाईंनी उत्तर दिलं नाही. कपाट उघडंच होतं. त्यातली पक्ष्यांवरची पाच पुस्तकं त्यांनी सकाळीच काढून जाजमावर मांडली होती. चौघाचौघांचे गट पडले. एका पुस्तकात नुसतं ‘सुगरण पक्षी घरटे बांधतो’ असं होतं. ते पोरांनी नापास केलं. दुसऱ्यात सापडलं: नर अर्ध्यापर्यंत विणतो, माद्या येऊन पाहून जातात, पसंत पडलं तर पुढचं पुरं होतं, नाही तर नर ते तसंच सोडतो. जी मुलगी एरवी अक्षराला बोट लावून अडखळते, तिनं ते चार ओळींचं वाक्य तीनदा वाचलं, कारण पैजेचा निकाल त्यात होता. मग तीच म्हणाली, ‘विहिरीवर खालून बघितलं तर बाई का बुवा, कळत नाही.’ दुसऱ्या दिवशी कुणीतरी विहिरीवरच्या बाभळीखाली पडलेलं अर्धवट घरटं घेऊन आलं. वर्गानं ते मोजलं, उकललं आणि त्यावर लिहिलं.

यात पडद्यानं काय केलं? जे या मुलांना झाडाखालून दिसलं नसतं, ते दाखवलं, आणि प्रश्न उभा केला. पुस्तकानं काय केलं? मागे-पुढे उलटता येतं, दोघांचं म्हणणं शेजारी ठेवून तपासता येतं, बोट ठेवून ‘हे बघ’ म्हणता येतं, म्हणून वाद मिटवला. पण फीत कुठे थांबवायची आणि कपाटातलं नेमकं काय आधी काढून ठेवायचं, हे ठरवलं बाईंनी. ते ना टीव्हीला कळतं, ना कपाटाला.

आपल्याकडच्या ज्या डिजिटल प्रयोगांचं कौतुक होतं, तेही नीट पाहिले तर हेच सांगतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामामुळे लोकांच्या लक्षात राहिलं. त्याची जागा बघा: तो कोड बसतो छापील पानावर, त्याच धड्यापाशी. पानाला हाकलून तो तिथे आलेला नाही. उलट दिशेनंही हे घडतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर २०१५ पासून खुल्या परवान्यानं गोष्टी देतं. त्यात मराठीही आहेत आणि त्या छापून शिवता येतात. ज्या शाळेच्या कपाटात पक्ष्यांवर एकही पुस्तक नाही, तिला मोबाइल आणि प्रिंटर हेच ग्रंथालय मिळवून देतील.

आता ‘अवांतर’. मराठीत या शब्दाचा अर्थ गौण, मुद्द्याबाहेरचा असा झाला आहे. सभेत कुणी भरकटला की आपण म्हणतो, अवांतर बोलू नका. पण संस्कृतात अवान्तर म्हणजे मधला, आतला, पोटात येणारा. दोन मुख्य दिशांच्या मधली ती अवान्तरदिशा. मोठ्या भेदाच्या पोटातला तो अवान्तरभेद. त्या अर्थानं वाचन अवांतर म्हणायला माझी ना नाही. ते धड्याच्या मध्ये यावं. शब्द मराठीत येताना आतून बाहेर गेला आणि त्याच्याबरोबर पुस्तकंही वर्गाबाहेर गेली.

कायदाही माझ्या बाजूनं बोलतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलं आहे, आणि त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि सर्व विषयांवरची पुस्तकं असावीत, गोष्टींची त्यांत धरून, असं म्हटलं आहे. सर्व विषयांवरची. म्हणजे गणिताची, परिसर अभ्यासाचीसुद्धा. अध्यापन साहित्याची नोंद त्याच्या लगेच आधीची आहे. कायद्यानं दोघांना शेजारी बसवलंय, आपण मध्ये भिंत घातली.

राहिला चार्जचा प्रश्न, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पदरचे पैसे भरलेले मुख्याध्यापक मला माहीत आहेत. पण औषध कुलपात नाही. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे अध्यापक होते. त्यांनी १९३१ मध्ये जे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच नियम पुस्तकं वापरासाठी असतात हा. आणि तो समजावताना त्यांना युरोपातल्या साखळीनं बांधलेल्या पुस्तकांची आठवण द्यावी लागली. फाटलेल्या पुस्तकाचं रीतसर निर्लेखन करता येतं. ते वेळच्या वेळी, कुणाला आरोपी न करता मंजूर व्हावं, एवढं गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर निम्मी कुलपं आपोआप निघतील. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०१८ साली देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांपैकी ३६.९ टक्के शाळांत भेटीच्या दिवशी मुलांच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तकं दिसली होती. २०२४ मध्ये ५१.३ टक्के शाळांत दिसली. कुलपं निघू लागली आहेत, पण निम्मीच.

वेळ नाही, या आक्षेपाला उत्तर एकच: वाडीवरच्या त्या बाईंनी वेगळा तास घेतलाच नाही. परिसर अभ्यासाच्याच तासात हे सगळं झालं, आणि भाषेचं वाचन-लेखनही त्यातच उरकलं.

तेव्हा शिक्षकमित्रांना एक विनंती. तुमच्या टाचणवहीत ‘शैक्षणिक साहित्य’ असा रकाना असतो. त्यात वर्षानुवर्षं ‘खडू, फळा, पाठ्यपुस्तक’ आणि हल्ली ‘स्मार्ट टीव्ही’ लिहिलेलं मी पाहतो. येत्या आठवड्यात एका धड्यापुढे, फक्त एका, कपाटातल्या एका पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहा आणि त्या धड्याची फीत कुठल्या मिनिटाला थांबवायची तो आकडा लिहा. क्रमांक बघायला कपाट उघडावंच लागेल.