कुरणाचे कागद व आजचे वनकायदे

मोडी दप्तर चाळतांना संशोधकाची दृष्टि साहजिकच सनदा, करीने, महजर व शकावल्या यांवर खिळते. कुरणाच्या राखणीचा, गवतकटाईचा किंवा वनचराईच्या वसुलाचा एखादा चिटोरा हातीं आला, तर तो क्षुद्र म्हणून बाजूस सारण्यांत येतो व पुष्कळदां गठ्ठ्याच्या तळाशीं पडून वाळवीच्या मुखीं जातो. ह्या चिटोऱ्यांना आज एक निराळें मोल प्राप्त झालें असून तें केवळ इतिहासापुरतें नाहीं, हें संग्राहकांच्या नजरेस आणावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नातेपुतें हें गांव ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम म्हणून सर्वांस ठाऊक आहे. उत्तरेकडे नीरा, पश्चिमेकडे शंभुमहादेवाची रांग आणि मध्यें माळ, अशी या बाजूची ठेवण. नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी जेथवर पोंचलें तेथवर ऊंस झाला. कालव्याच्या वरचा भाग कोरडाच राहिला. ह्या कोरड्या माळावर पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी हीं गवतें, हिवर-बोरांसारखीं तुरळक झाडें, चिंकारा, खोकड, लांडगा हीं जनावरें आणि धनगरांचीं मेंढरें यांचा संसार एकत्र चालत आला आहे. लांडगा मेंढरूं नेतो हें खरें; तथापि बेताच्या चराईनें माळ मोकळा राहतो व तो मोकळा राहतो म्हणूनच त्यावरचे जीव टिकतात, हेंही तितकेंच खरें. सरकारी नकाशांत मात्र अशा भूमीस बहुधा 'पडीक' हा एकच शब्द लावलेला आढळतो.

आमच्या शास्त्रकारांनीं ती पडीक मानली नव्हती. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गांवाभोंवतीं शंभर धनुष्यें किंवा तीन शम्यापात इतकी जागा गुरांसाठीं मोकळी सोडण्यास सांगितलें असून नगरासाठीं ती तिप्पट सांगितली आहे. शम्या म्हणजे काठी; ती जोरानें फेंकली असतां जेथें पडेल तें अंतर एक शम्यापात. याज्ञवल्क्यानें ग्राम, खर्वट व नगर यांसाठीं अनुक्रमें शंभर, दोनशें व चारशें धनुष्यें असें माप दिलें आहे. कौटिल्य याहून पुढें जातो. दुसऱ्या अधिकरणाच्या भूमिच्छिद्रविधान नामक प्रकरणांत नांगरास अयोग्य अशी भूमि पशूंच्या चरण्यासाठीं द्यावी असा त्याचा आरंभींच नियम आहे. विवीताध्यक्ष हा चराऊ रानांचा स्वतंत्र अधिकारी आहे. आणि सूनाध्यक्षाच्या प्रकरणांत राजानें अभय दिलेल्या मृगांस, पक्ष्यांस व मत्स्यांस मारणारास उत्तम साहस दंड आहे. गुरांची चराई व वन्य प्राण्यांचें अभय हीं दोन्हीं एकाच ग्रंथांत, परंतु दोन निराळ्या अधिकाऱ्यांच्या हातीं, अशी ही मांडणी लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढें हीच फारकत नडली.

मराठेशाहींतील कुरणांचें स्वरूप वाचकांस परिचित आहे. घोडदळाचें बळ वैरणीवर, म्हणून सरकारनें मोक्याचीं रानें राखावीं, गवत कापण्यावाहण्याची वेठ भोंवतालच्या गांवांवर बसवावी व इतर रानांत चरणाऱ्या गुरामेंढरांवर वनचराई घ्यावी, अशी ही रीत होती. हिला आजच्या अर्थानें निसर्गरक्षण म्हणण्याचा मोह कित्येकांना होतो, तो टाळावा. राखायचें होतें तें गवत, तेंही घोड्यांसाठीं. त्यांत माळावरचे जीव वांचले असतील तर तो आनुषंगिक लाभ. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची (इ. स. १७१५ चा सुमार) गोष्ट मात्र वेगळी आहे. आरमाराच्या प्रकरणांत लांकडाचा विषय निघाला असतां, रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेल्या आंब्याफणसांस हात लावूं नये, झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल तरच धन्यास राजी करून व मोल देऊन तोडावें, असें तेथें बजाविलें आहे. राज्याची गरज मोठी असूनही रयतेची संमति व मोबदला ह्या दोन अटी त्यांत घातल्या आहेत. ह्या अटी इंग्रजी अमदानींत लोप पावल्या.

१८७८ च्या वनकायद्यानें सरकारास रानें राखीव करण्याचा विस्तृत अधिकार मिळाला. त्याची झळ खेड्यास कशी लागली याचें चित्र जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत रेखाटलें आहे. गायरानें व डोंगर जंगलखात्याच्या घशांत गेल्यामुळें शेतकऱ्याच्या शेळीलाही उभें राहण्यास जागा उरली नाहीं, असा त्यांचा आरोप आहे. १९२७ च्या कायद्यांत २८ वें कलम ग्रामवनांचें आहे. त्याअन्वयें राखीव वनावरील सरकारचे अधिकार एखाद्या ग्रामसमाजाकडे सोंपवितां येतात. कलम चांगलें, तें वापरण्यांत मात्र फारच क्वचित् आलें.

स्वातंत्र्यानंतर प्रथम पशुपक्ष्यांकडे लक्ष गेलें. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, माळढोक पहिल्या अनुसूचींत आला, आणि १९७९ मध्यें सोलापूर व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतें. त्यांत करमाळा, माढा, मोहोळ, कर्जत यांसारख्या तालुक्यांतील शेतें, वस्त्या व बाजारपेठाही आल्या. एवढ्या मोठ्या मुलुखास अभयारण्याचे निर्बंध लावणें म्हणजे कोंबडीसाठीं सारा गांव डालग्याखालीं झांकण्यासारखें होतें. जमिनीच्या व्यवहारांत अडचणी आल्या, लोक पक्ष्यावरच रुसले, आणि अखेरीस २०१२ मध्यें क्षेत्र सुमारें बाराशें बावीस चौरस किलोमीटरवर आणण्यांत आलें. नान्नजच्या माळावर ज्याच्यासाठीं हें सर्व झालें तो पक्षी अलीकडच्या गणनांत एखाददुसराच दिसतो. ह्यास केवळ कायदा कारण नाहीं. ऊंस, विजेच्या तारा, माळावर केलेली झाडांची लागवड हींही कारणें आहेत. परंतु पक्ष्याची नोंद झाली आणि त्याच माळावर जगणाऱ्या माणसाची झाली नाहीं, हा दोष कायद्याचाच होता असें माझें मत आहे.

तो दोष काढण्याचा यत्न दोन कायद्यांनीं केला आहे. पहिला २००२ चा जैविक विविधता कायदा. त्याच्या ४१ व्या कलमाप्रमाणें प्रत्येक स्थानिक संस्थेनें जैवविविधता व्यवस्थापन समिति स्थापावयाची असून, गांवांतील वनस्पति, प्राणी व त्यांविषयींचें लोकांचें ज्ञान यांची लोकजैवविविधता नोंदवही त्या समितीनें लोकांस विचारून करावयाची आहे. नातेपुत्यास आतां नगरपंचायत असली तरी हें बंधन तिलाही आहे. अशा नोंदवह्यांची कल्पना डॉ. माधव गाडगीळ प्रभृतींनीं विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत प्रत्यक्ष गांवोगांव राबवून दाखविली होती. तिची अंमलबजावणी मात्र वर्षानुवर्षें रेंगाळली. शेवटीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली व पुढें दरमहा दहा लक्ष रुपये दंडाचा धाक घातला. मग काय विचारावें! परीक्षेच्या आदल्या रात्रीं मुलें एकमेकांच्या वह्या उतरून काढतात तशा देशांत पुष्कळ ठिकाणीं नोंदवह्या तयार झाल्या. ज्या वहींत मेंढक्याला कोणीं विचारलें नाहीं, तींत पवन्या कोणत्या उतारावर उगवतो व त्यावर कळप केव्हां घालावा हें यावें कोठून?

दुसरा कायदा २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या तिसऱ्या कलमांत भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचाही सामूहिक हक्क मान्य केला आहे. परंतु जो अनुसूचित जमातींतील नाहीं त्यास १३ डिसेंबर २००५ पूर्वीं तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षें, वनांत वास्तव्य व वनावर उपजीविका दाखवावी लागते. म्हणजे पुरावा १९३० च्या मागें जावा लागतो. फिरस्त्या धनगरास हें सोपें नाहीं. त्याच्या वाड्याची जागा दर हंगामांत बदलते.

येथें आपल्या मंडळींचा संबंध येतो. २००८ च्या वनहक्क नियमांतील तेराव्या नियमांत पुराव्याच्या ज्या जाती सांगितल्या आहेत, त्यांत गॅझेटियरें, मोजणी व जमाबंदीचे अहवाल यांजबरोबर पूर्वींच्या संस्थानांनीं दिलेले हक्क, सवलती व मेहरबानी यांचे कागद स्पष्ट शब्दांत घातले आहेत. वृद्धांची जबानीही ग्राह्य आहे, आणि एकाहून अधिक पुरावे पाहून ग्रामसभेनें प्रथम निर्णय करावयाचा आहे. गोतसभा, थळपत्र व महजर यांशीं परिचय असलेल्यास हें नवें वाटणार नाहीं. नातेपुत्याच्या पश्चिमेस फलटणच्या नाईक निंबाळकरांचें संस्थान होतें, दक्षिणेस आटपाडीकडचा प्रदेश औंधकरांचा, त्याखालीं जत. तीनही संस्थानें १९४८ मध्यें विलीन झालीं. मेंढरांच्या वाटा मात्र ह्यांच्या सीमा ओलांडून जात असत. तेव्हां ह्या संस्थानांचे चराईचे कागद जेथें कोठें असतील तेथें ते केवळ जुने कागद नव्हेत, एखाद्या वाडीच्या दाव्याचा ते आधार होऊं शकतात.

मात्र वाचनांत सावधगिरी हवी. कुरणाच्या ताकीदपत्रावरून सरकारचा हक्क दिसतो, गांवाचा नव्हे. उलट तेंच पत्र दावा हाणून पाडण्यास उपयोगीं पडेल. वनचराईच्या पावतीवरून चराई झाली हें सिद्ध होतें, पण ती मोल देऊन झाली हेंही सिद्ध होतें. तेव्हां तिला वहिवाटीचा पुरावा म्हणावें, हक्काचा नव्हे. सर्वांत मोलाचे ते कागद, ज्यांत वसूल माफ केला आहे अथवा दोन गांवांच्या वा दोन कळपांच्या तंट्यांत रानाची हद्द ठरवून दिली आहे. कारण त्यांत ठिकाणाचें नांव, ओढे, खुणेचीं झाडें व गवताची जातही कधीं कधीं येते. अशा एका यादीवरून दीडशें वर्षांपूर्वीं त्या उतारावर काय उगवत होतें हेंही कळेल, आणि नोंदवही करणारास तेंच पाहिजे आहे.

ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं त्यांची बाळबोध नक्कल, रुमालाच्या क्रमांकासह, ज्या गांवाचा तो कागद असेल त्या गांवच्या ग्रामसभेस व जैवविविधता समितीस द्यावी. मूळ कागद आपल्यापाशींच ठेवावा. नक्कल करतांना गवतांचीं व रानांचीं नांवें शुद्ध करण्याच्या फंदांत पडूं नये. मोडींत 'पवना' असेल तर 'पवना'च लिहावें, आणि त्यावरून तें कोणतें गवत, हें माळावरच्या मेंढक्यास विचारावें.