विनयातील 'आवरण' आणि आचार्यांची सामायिक जबाबदारी

शिस्त ही एकट्या शिक्षकाची बाब नव्हे, हा विचार आधुनिक समजला जातो. परंतु विनयपिटकातील महावग्गाच्या पहिल्याच खंधकात तो नियमरूपाने आढळतो.

काही सामणेर भिक्खूंशी अनादराने वागू लागले, तेव्हा भगवंतांनी 'आवरण' म्हणजे प्रवेशबंदी करण्याची अनुज्ञा दिली. भिक्खूंनी त्यांना संपूर्ण संघारामच बंद केला. परिणामी काही सामणेर निघून गेले, काहींनी चीवर सोडले, काही अन्य पंथांना मिळाले. म्हणून बंदी सामणेराच्या राहण्या-वावरण्याच्या जागेपुरतीच मर्यादित झाली. पुढे भिक्खूंनी अन्न बंद केले. तेही निषिद्ध ठरले.

नंतर छब्बग्गिय भिक्खूंनी उपज्झायांना न विचारताच त्यांच्या सामणेरांवर आवरण लादले. उपज्झाय आपल्या शिष्यांचा शोध घेत राहिले. तेव्हा उपज्झायास विचारल्यावाचून आवरण करणे हा दुक्कट दोष मानला गेला. दोष शिक्षा करणाऱ्याचा, शिष्याचा नव्हे, हे लक्षणीय आहे. त्याच खंधकात, काढून टाकलेल्या शिष्याने क्षमा मागितल्यास ती नाकारणारा उपज्झायही दोषी ठरतो.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. परंतु दुसऱ्याच्या वर्गातील मुलास शिक्षा करण्यापूर्वी वर्गशिक्षकास विचारण्याची रीत शिक्षकांनी मिळूनच घालावयाची आहे. ज्या समाजाची मुले एकेकाळी वर्गाबाहेर बसविली गेली, त्यास दाराबाहेर राहिलेल्या मुलाचे मोल निराळे सांगावयास नको.