पुस्तकातला भाव आणि पेढीवरचा भाव

एकाच नाण्याला दोन भाव असू शकतात, हे आपल्या पणजोबांना कोणी शिकवावे लागत नव्हते. पेशवाईच्या अखेरीस आणि त्यानंतरही काही वर्षे या मुलखात अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत नेला की सराफ तो तोली, वाजवून पाही आणि झीज धरून बट्टा कापून घेई. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया पाडला आणि हा बट्टा हळूहळू सुटला. जुन्या नाण्यांच्या शौकाबरोबर तो मागल्या दाराने पुन्हा घरात आला आहे, असे आमचे म्हणणे आहे.

युनियनच्या कचेरीत ग्रॅच्युइटीचे कागद घेऊन येणाऱ्या निवृत्त कामगारांपैकी एखादा कधीकधी पिशवीतून डबी काढतो. डबीत वडिलांनी जपलेला रुपया किंवा शिवराई असते. ‘भाऊ, पुस्तकात याचे एवढे हजार लिहिलेत, आणि पेढीवाला चौथा हिस्साही द्यायला तयार नाही. लुबाडतोय ना?’ पेढीवाला लुबाडत नसेलच असे आम्ही म्हणत नाही. परंतु असल्या पुस्तकांचा इतिहास चाळल्यावर आमच्या ध्यानात आले, की खरा घोटाळा बहुधा पेढीवर पाऊल ठेवण्याआधीच झालेला असतो.

ही पुस्तके घरोघर गेली ती अमेरिकेत. १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत तिकडे पुठ्ठ्याचे फलक विकले जाऊ लागले. फलकावर सालवार भोके असत, आणि खिशातल्या सुट्ट्या पैशांतून ती भरून काढायची. पैसा नसलेल्या माणसालाही परवडेल अशी ही करमणूक. विस्कॉन्सिन संस्थानातल्या रसीन गावची व्हिटमन ही प्रकाशन संस्था हे फलक काढीत असे. भोक भरले की ‘याचे काय येतील?’ हा प्रश्न आलाच. म्हणून १९४२ साली त्याच संस्थेने निळ्या वेष्टणाचे पुस्तक काढले. व्यापारी नाणे विकत घेताना साधारण काय देतात, ते त्यात होते. १९४६ च्या नोव्हेंबरात लाल पुस्तक निघाले; त्यात व्यापारी गिऱ्हाइकाला काय भावाने विकतात, ते होते.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबा. एकाच प्रकाशकाची दोन पुस्तके, नाणे तेच आणि आकडे दोन. लपवाछपवी काहीच नाही. दोहोंमधल्या अंतरात दुकानाचे भाडे, अडकून पडलेले भांडवल आणि व्यापाऱ्याचे पोट असते. पण लाल पुस्तक घराघरांत पोहोचले आणि निळे मागे पडले. माणूस विकायला जातो तेव्हा तो काउंटरच्या अलीकडे उभा असतो आणि बोट ठेवतो पलीकडच्या भावावर. पुढे १९६३ पासून व्यापाऱ्यांचे स्वतःचे राखाडी रंगाचे साप्ताहिक भावपत्रक निघू लागले, कारण वर्षातून एकदा छापलेला आकडा त्यांच्या स्वतःच्या उपयोगाचा नव्हता. वाटाघाटीत एका बाजूच्या हातात या आठवड्याचा कागद आणि दुसऱ्याच्या हातात गेल्या वर्षीचा, म्हणजे निकाल काय लागणार हे सांगायला नको.

आता भाव मुळात ठरतो कशावरून? दुर्मिळतेवरून, असे पुस्तक म्हणते. परंतु दुर्मिळता मोजली कोणी? १९१८ साली हिंदुस्थानात लोक नोटा घेऊन चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारी खजिना रिता होण्याची वेळ आली. तेव्हा अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली सुमारे २० कोटी औंस चांदी इंग्रजांच्या मार्फत हिंदुस्थानासाठी आली, आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये झाले. आपल्या आजीच्या गाठोड्यातला १९१८ चा पंचम जॉर्जचा रुपया कदाचित कधी काळी अमेरिकन डॉलर असेल!

किती डॉलर वितळले याचा हिशेब राहिला. कोणत्या सालचे वितळले याचा मात्र कोणी ठेवला नाही. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत १९०३ साली ४४,५०,००० डॉलर पाडले होते. त्यांतला कोरा डॉलर पुढे बाजारात सहसा दिसेना. तेव्हा सगळे वितळले असावेत असा समज झाला, आणि १९६२ च्या सुमारास लाल पुस्तकात त्याचा भाव १,५०० डॉलर लागला होता. त्याच सालच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतल्या तिजोऱ्यांतून हजार-हजार डॉलरांच्या सीलबंद पिशव्या बाहेर पडल्या, आणि त्यांत हेच डॉलर निघाले. काही महिन्यांत भाव ३० डॉलरच्या घरात आला. पुस्तक खोटे बोलले नव्हते. त्याने जेवढे पाहिले होते तेवढेच सांगितले होते. तिजोरीची किल्ली त्याच्यापाशी नव्हती. मात्र ज्याने आदल्या वर्षी छापील भावाने ते नाणे घेतले, त्याचे काय झाले असेल? त्याची दाद लावायला कोणती कचेरी नव्हती.

उलट प्रकारही झाला. डेन्व्हरच्या टांकसाळीने १९५० साली पाच सेंटची नाणी फक्त २६,३०,०३० पाडली. आकडा लहान म्हणून लोकांनी ती कोरीच गुंडाळून ठेवली. १९६४ पर्यंत एकेकाला ३० डॉलरच्या आसपास भाव आला, आणि मग तो कोसळला. सर्वांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ कशी राहील? डॉलर इतका उतरूनही ते साधे कोरे नाणे आज त्या तिसाला पोहोचलेले नाही.

दर्जाची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९४९ साली शेल्डन नावाच्या गृहस्थाने जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० असे गुण बसवले. सत्तर गुणांचे नाणे एका गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे, असा त्यामागचा हिशेब होता. ते प्रमाण लवकरच मोडले. गुण मात्र राहिले, आणि आज एका गुणाने भाव दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. पुस्तकातला मोठा आकडा वरच्या गुणांचा असतो. आपल्याकडे तर नाणे दाखवायला नेण्याआधी घरची मंडळी चिंच आणि राख लावून ते लख्ख करतात, आणि शौकीन माणूस ते हातातही घेत नाही.

आपल्या देशात आणखी एक गाठ आहे. परदेशी जागतिक सूचीतला डॉलरमधला भाव इथे सर्रास दाखवला जातो. परंतु १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवराईला तर तो लागूच, आणि आता १९१८ च्या रुपयालाही. तेव्हा लंडन-न्यूयॉर्कचे गिऱ्हाईक आपल्या नाण्यापुरते नाहीच. हे ठाऊक नसलेल्याला फसवणारेही टपलेले आहेत. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतील असे सांगायचे आणि आधी नोंदणीचे पैसे मागायचे, हा त्यांचा धंदा. नाणी-नोटांच्या अशा व्यवहारांत आपले नाव घेऊन शुल्क, दलाली मागतात, त्याला बळी पडू नका, असे रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावे लागले.

डबीवाल्याला आम्ही सांगतो ते एवढेच. रुपया घासू नका. १९१८ च्या कोऱ्या रुपयात साडेदहा ग्रॅमहून थोडी अधिक चांदी असते. चांदीचा आजचा भाव लावून तेवढ्याची किंमत आधी काढा, झिजेचे थोडे कमी धरा. मग तीन वेगळ्या पेढ्यांवर जा. किंमत विचारू नका. ‘असलाच रुपया मला घ्यायचा आहे, कितीला द्याल?’ असे एका ठिकाणी विचारा, आणि विकण्याची गोष्ट दुसऱ्या ठिकाणी काढा. दोन्ही आकडे कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन तिसऱ्या पेढीची पायरी चढा.